कात्रीबाईच्या अकरा पिशव्या

एक लाख बारा हजार.

मी चष्मा काढला, कोटाच्या टोकाने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. आकडा तोच. वर नोंदणीचा क्रमांक होता आणि तो मला माझ्या फोनच्या नंबरापेक्षा पक्का पाठ आहे. कात्रीबाईचा! हातातला कागदच सुटला. खिडकीपलीकडचा माणूस घाबरून म्हणाला, "बाई, माझं काही वाईट आलंय का?"

"तुमचं काही नाही. तुम्ही आपली बाटली उघडा," मी त्याच्यावर खेकसले. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

मी एचआयव्हीच्या उपचार केंद्रात औषधांच्या खिडकीवर बसते. बसून बसून तेवीस वर्षं झाली. लोक दर महिन्याला येतात, उरलेल्या गोळ्यांची बाटली सोबत आणतात. मी त्या निळ्या ताटलीत ओतायच्या, चपट्या पट्टीने दोन-दोन करून सरकवायच्या, मोजायच्या, रजिस्टरात आकडा लिहायचा आणि पुढच्या गोळ्या द्यायच्या. बाटलीत तीस होत्या, अठ्ठावीस दिवस झाले, म्हणजे दोन उरायला हव्यात. नऊ उरल्या तर सात दिवस दांडी मारली. मग मी त्या माणसाची अशी हजेरी घेते की रांगेतला शेवटचासुद्धा आपला खिसा चाचपतो. नवरा म्हणतो, तू घरीसुद्धा चमचे मोजून ठेवतेस. ठेवते! कुणीतरी ठेवायला नकोत?

गोळी रोज घेतली तर रक्तातले विषाणू इतके कमी होतात की यंत्रालाही दिसत नाहीत. माणूस कामाला जातो, म्हातारा होतो, शेजाऱ्यांशी भांडतो, सगळं रीतसर. सोडली की ते पुन्हा डोकं वर काढतात. वर्षातून एकदा रक्त तपासतात ते त्यासाठीच. कात्रीबाईच्या कागदावर गेली अठरा वर्षं एकच ओळ यायची, 'आढळले नाहीत'. आणि आता एक लाख बारा हजार!

मी तडक प्रयोगशाळेत फोन लावला. "नमुने बदललेत तुम्ही. कुणाचं रक्त कुणाच्या नावावर चिकटवलंत?"

"बाई, आकडा बघून आम्हीच दुसऱ्यांदा चालवलाय," तिथला पोरगेला तंत्रज्ञ म्हणाला.

"मग तिसऱ्यांदा चालवा!"

"तिसऱ्यांदाही चालवलाय."

मी फोन आपटला. सगळ्या जगात चूक झाली असेल, पण त्या बाईकडून नाही. इतकी माझी खात्री होती.

तिला कात्रीबाई हे नाव केंद्रातच पडलं. एक तर ती गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटर आहे. लांबलचक टेबल, त्यावर कापडाचे साठ-साठ थर अंथरलेले, वर खडूने आखलेली शर्टाची बाही, कॉलर, खिसे. डाव्या हातात लोखंडी जाळीचा मोजा घालायचा आणि उजव्या हाताने विजेची सुरी त्या रेषेवरून न्यायची. हात दोऱ्याएवढा हलला तर साठ बाह्या एकदम वाया. पंधरा वर्षांत तिने एकदाही थर वाया घालवला नाही, असं तिचा सुपरवायझर सांगतो. आणि दुसरं कारण तिची जीभ. सरळ कापत जायची.

एकोणीस वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा माझ्या खिडकीशी आली तेव्हा चौतीस किलोची होती. नवऱ्याला जाऊन तीन आठवडे झाले होते आणि तो कशाने गेला हे तिला इथे येऊन कळलं होतं. कडेवर चार वर्षांची पोर. पोरीची तपासणी झाली होती, ती बिनआजाराची निघाली. मी गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावत होते, तर मधेच म्हणाली, "ह्या किती वर्षं जगवतात?"

"तू घेशील तितकी."

"मला चौदा पुरेत. पोरगी अठराची होईल तोवर."

मी हसले होते. म्हटलं, घासाघीस काय करतेस, भाजी घेतेयस का? तीही हसली. एवढंच.

पोरगी अठराची झाली. मग म्हणाली, शिक्षण होऊ दे. शिक्षण झालं. मग म्हणाली, नोकरी लागू दे. तीही लागली. दुसऱ्या शहरात एका कंपनीत इमारतींचे नकाशे काढते. गेल्या वर्षी पोरगी तिकडे राहायला गेली, त्या दिवशी कात्रीबाईने सगळ्या केंद्राला बिस्किटं वाटली. मलाही दोन पुडे दिले. म्हणाली, "बाई, सुटले एकदाची." मला वाटलं, खर्चातून सुटली असं म्हणतेय.

आमच्याकडे तिचा मान मोठा होता. नव्या माणसाला तिच्याशेजारी बाकावर बसवायचं, की आमचं अर्धं काम झालं. एक ट्रकचालक आला होता, हा एवढा धिप्पाड, मिशा कानापर्यंत. गोळी हातात घेतली की ढसाढसा रडायचा. म्हणे ही पोटात गेली म्हणजे आजार खरा झाला. कात्रीबाई कामावर जायच्या आधी चार दिवस सकाळी त्याच्यासाठी केंद्रात आली. स्वतःची बाटली काढायची आणि म्हणायची, "हं, एक, दोन, तीन, घाल तोंडात! अरे, एवढा मोठा ट्रक हाकतोस आणि एवढ्याशा गोळीला भितोस?" दोघं एकदम गिळायचे. तो आता एक दिवस चुकवत नाही.

मधे दोन वर्षांपूर्वी तिला साखर निघाली, पाठोपाठ रक्तदाब. म्हणाली, "घ्या, आता माझ्याकडे दुकानच झालं." साखरेचा दवाखाना दुसऱ्या इमारतीत. गेल्या वर्षभरात तिची साखर वाढत होती, तिथल्या डॉक्टरांनी तिला गोड कमी कर म्हणून झापलं होतं. ते मला कुणी कळवलं नाही आणि मी विचारलंही नाही. साखर त्यांची, विषाणू आमचे, अशी आपली वाटणी.

तर तो कागद घेऊन मी डॉक्टरांच्या खोलीत घुसले. आमच्या डॉक्टर वयाने माझ्या मुलीएवढ्या आहेत, पण डोकं शांत. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "ती गोळ्या घेत नाहीये."

"काहीतरीच काय बोलता? दर महिन्याला माझ्यापुढे बाटली ओतते ती. मोजून दोन राहतात!"

"दर महिन्याला दोनच?"

"दोनच! एकदा कमी नाही, एकदा जास्त नाही."

त्यांनी कागद बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "बाई, तुमच्या रजिस्टरात असं दुसरं कुणी आहे का, ज्याचा आकडा एकदाही चुकला नाही?"

मी तोऱ्यात रजिस्टर आणायला गेले. उभ्या उभ्याच पानं उलटली. आधीच्या वर्षांची पानं बघितली. तीन. दोन. चार, शेजारी माझ्याच अक्षरात 'ओव्हरटाइम'. दोन. एक, 'मोरीत पडली'. सहा, 'ताप'. आणि मग गेल्या वर्षापासून दोन, दोन, दोन, दोन. अकरा वेळा दोन. मी औषधांच्या खोक्यावर बसले. जो खरंच रोज घेतो त्याची कधीतरी एखादी चुकते, सांडते, विसरते. तेवीस वर्षं मी हे बघतेय. माझ्याइतकं हे कुणाला माहीत असायला हवं होतं? आणि मी त्या अकरा दोनांकडे बघून तिचं कौतुक करत आले होते. कप्पाळ माझं!

डॉक्टरांनी तिला बोलावून घेतलं. आकडा सांगितला. आजाराशी लढणाऱ्या पेशी पाचशेच्या वर हव्यात त्या एकशे साठवर आल्यात, छातीचा फोटो काढू या, दोनेक महिने असेच गेले तर कुठला आजार कुठून शिरेल सांगता येणार नाही, हे सगळं सांगितलं. ती "हो का?" म्हणाली, पिशवी उचलली, आणि "मशीन खोळंबलंय" म्हणून निघून गेली. फोटोही काढला नाही. फोन केला तर उचलेना. तिसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना विचारून तिच्या घरी गेले.

तिची खोली तिसऱ्या मजल्यावर. जिना चढताना मी मनात भाषण तयार केलं होतं. चांगलं खरपूस. दार तिनेच उघडलं. सुटीचा दिवस, दुपारचे तीन वाजले होते आणि ती अजून रात्रीच्या कपड्यांत होती. ज्या बाईच्या बाहीला कधी सुरकुती बघितली नाही ती! खोलीत मात्र सगळं जागच्या जागी. शिलाई मशीन खिडकीशी, भिंतीवर पोरीने काढलेला कुठल्याशा इमारतीचा नकाशा, ओट्यावर पालथी घातलेली एकच कपबशी.

"या बाई," ती म्हणाली. "मला वाटलंच होतं तुम्ही येणार. बसा."

मी बसले नाही. "कधीपासून?"

तिने मशीनचा खण उघडला आणि कापडी पिशव्या काढून टेबलावर मांडल्या. गणवेशाच्या उरलेल्या चिंध्यांच्या, छोट्या, तोंडाला नाडी ओवलेल्या. निळ्या, खाकी, पांढऱ्या. प्रत्येकीवर खडूने महिना लिहिलेला. अकरा होत्या.

"टाकवल्या नाहीत," ती म्हणाली. "चांगलं औषध आहे. कुणाच्या तरी कामी येईल म्हणून ठेवलं. मोजून घ्या."

आणि सांगायलाही लाज वाटते, मी मोजायला लागले! हाताला सवय. पहिली पिशवी उपडी केली, बोटाने दोन-दोन सरकवल्या, अठ्ठावीस. दुसरी, अठ्ठावीस. तिसरी, अठ्ठावीस. ती समोर उभी राहून बघत होती. सातव्या पिशवीत चोवीस निघाल्या.

"ह्यात चार कमी आहेत," मी म्हटलं.

"त्या घेतल्या. त्या ड्रायव्हरबरोबर." ती जरा ओशाळली. "तो माझ्या तोंडाकडे बघत असायचा ना. त्याच्यासमोर खोटं गिळता येईना."

तेव्हा माझा पारा चढला. त्याच्यासमोर येईना आणि माझ्यासमोर अकरा महिने आलं! मी जे तोंड सोडलं ते सोडलंच. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, म्हटलं. लाज नाही वाटली? इथे माणसं एकेका गोळीसाठी दोन-दोन गाड्या बदलून येतात आणि तू खणात साठवतेस? पोरीला कळलं तर काय वाटेल तिला? पोरीला फोन करते आत्ताच्या आत्ता, म्हटलं. खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल.

ती माझं संपेपर्यंत थांबली. मग खुर्ची ओढून बसली आणि शांतपणे म्हणाली, "करा फोन. तिच्यासाठी जगायचं होतं तेवढं जगले की, बाई. चौदा म्हटलं होतं, अठरा झाली. ती तिकडे गेली, मी सकाळी उठले, गजर वाजला, गोळी हातात घेतली आणि वाटलं, आता ही कशाला? कुणासाठी? रोज गजर वाजतो. रोज उठते. गोळी काढते, पाणीसुद्धा पिते. गोळी तेवढी पिशवीत जाते."

"अगं पण मला सांगायचंस की!"

"कधी?" ती म्हणाली. "बाई, एकोणीस वर्षं तुम्ही मला एकच विचारत आलात, किती राहिल्या? मी म्हणायची, दोन. तुम्ही म्हणायचात, शाब्बास, पुढे चला. माझ्यामागे वीस माणसं उभी. डॉक्टर आकडा विचारायचे, साखरवाले साखर विचारायचे. सगळ्यांना बरोबर उत्तर दिलं की माणूस पास. मला कामावर टेबलाशी उभं राहून रडू यायचं, काही कारण नसताना. कापड ओलं होईल म्हणून मान वळवायची. हे कुठल्या खिडकीवर सांगायचं?"

मी खाली बसले, त्या सगळ्या सुट्या गोळ्यांसमोर.

गोळ्या परत पिशवीत भरता भरता मी विचारलं, "मग रक्त का दिलंस? पकडली जाशील हे ठाऊक होतं ना?"

"हो."

"मग?"

"मला काही सांगायला जमलं नाही," ती म्हणाली. "म्हटलं, ते तरी सांगेल."

मला भडभडून आलं. मी तिथे बसून रडले आणि तिने मला पाणी आणून दिलं. रोग्याने दवाखानेवालीची समजूत काढायची, असा सगळा उलटा कारभार.

आमच्या केंद्रात मनाचे डॉक्टर दर गुरुवारी येतात. जिन्याखालच्या खोलीत बसतात. एचआयव्हीच्या रांगेत उघडपणे उभं राहायला सरावलेली माणसंसुद्धा त्या खोलीत शिरण्याआधी इकडेतिकडे बघतात. मी स्वतः कित्येकदा म्हटलंय, वेडंबिडं नाही ना कुणी, मग कशाला? कात्रीबाईही तेच म्हणायची. त्या गुरुवारी मी तिचा हात धरून नेलं, म्हणजे जवळजवळ ओढलंच. पहिल्या भेटीत ती अर्धा तास पंख्याकडे बघत बसली. दुसऱ्या भेटीत बोलली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते आणि म्हणाली, "हाही आजारच आहे म्हणे. नाव आहे त्याला, डिप्रेशन. ह्याचीही गोळी आहे. दुकानात आणखी एक माल!"

मी गुरुवारच्या डॉक्टरांना गाठलं. म्हटलं, तिला काय सांगू? पोरीचं लग्न, नातवंडं, काय सांगितलं म्हणजे घेईल?

ते म्हणाले, "काहीच सांगू नका. तिला आणखी एक तारीख दिलीत तर ती तेवढीच पाळेल. इतकी वर्षं हा आजार बाळगणाऱ्यांपैकी कितीतरी जण असे आतून विझत जातात. तुम्ही फक्त जात राहा. बोलायचं नसेल तर बोलू नका."

बोलू नका! मला! पण गेले. रोज सकाळी साडेसातला, माझ्या वाटेवर नसलेल्या त्या गल्लीत. छातीचा फोटो तिने तोवर काढला होता, सुदैवाने फुप्फुसं साफ होती. औषध तिने अर्धवट नाही तर पुरतंच सोडलं होतं, म्हणून तेच पुन्हा लागू पडण्याची आशा आहे, असं आमच्या डॉक्टर म्हणाल्या. आता अडलं होतं फक्त तिच्या हातापासून तोंडापर्यंतच्या त्या वीतभर अंतरावर.

पहिल्या दिवशी तिने गोळी टेबलावर ठेवली, आम्ही चहा प्यायलो, गोळी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी तेच. मी आतल्या आत नुसती उकळत होते. एकशे साठ पेशी, आणि ही बाई मला कॉलरचं कापड तिरकं का कापतात ते समजावतेय! तिसऱ्या दिवशी मी मुकाट्याने चहा पिऊन निघाले आणि जिन्यात उभी राहून भिंतीवर मूठ आपटली. चौथ्या दिवशी ती कपबशी विसळता विसळता म्हणाली, "तुमच्या कोटाचं बटण लोंबतंय, द्या इकडे." तिने बटण लावलं, दोरा दाताने तोडला आणि घोटभर पाण्याबरोबर गोळी घेतली. मी कोटात हात घालता घालता थिजले.

"आजची घेतली," ती म्हणाली. "उद्याचं मला विचारू नका."

मी विचारलं नाही. रोज गेले. काही दिवस घ्यायची, एखाद्या दिवशी उठायचीच नाही, दार उघडून परत भिंतीकडे तोंड करून पडायची. मग मी नुसती बसून राहायची. पोरीला तिनेच एका रविवारी फोन करून सांगितलं. पोरगी पहिल्या गाडीने आली, आईला काही बोलली नाही, आधी माझ्याशीच भांडली. बरोबरच होतं तिचं. इतर दिवशी कात्रीबाई कामावर जायची, अशाच एका दिवशी तिने आयुष्यात पहिल्यांदा साठ थर वाया घालवले आणि सुपरवायझरसमोर रडली. तो भला माणूस घाबरून म्हणाला, बाई, कापड काय, पुन्हा येईल.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायला गेलं. त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. ती म्हणते घेतली, मी समोर असते तेव्हा बघते, पण कामाच्या गर्दीत मलाही रोज जाणं जमत नव्हतं. जिने मला अकरा महिने फसवलं तिच्यावर आता मी कशाच्या जोरावर विश्वास ठेवत होते? नवरा म्हणाला, "झोप आता." झोप कुठली!

कागद आला. मी उभी राहून उघडला. सहाशे चाळीस.

एक लाख बारा हजारांचे सहाशे चाळीस! खरं सांगते, मी खिडकीतच टाळी वाजवली. रांगेतली माणसं बघायला लागली. ती त्याच दिवशी यायची होती, दहाच्या सुमारास आली. मी कागद तिच्या नाकासमोर नाचवला. "बघ! बघ! अगं, उतरलाय! आणखी दोन-तीन महिने, की 'आढळले नाहीत'! म्हटलं नव्हतं मी?"

तिने कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. दोन्ही हातांनी खिडकीची कड धरून ठेवली होती.

"ते राहू दे, बाई," ती म्हणाली. "परवा सकाळी उठले आणि परत तसंच वाटलं. सगळं नको वाटलं. गोळी घेतली, पण नको वाटलं."

माझा हसता चेहरा तसाच राहिला. सहाशे चाळीस हातात आणि ही असं म्हणतेय. "मग?" मी कसंबसं विचारलं. "मग काय केलंस?"

"काही नाही. गुरुवारला अजून तीन दिवस आहेत." तिने खिडकीची कड सोडली नव्हती. "म्हटलं, तोवर बाईंना सांगू."

मागून एक जण म्हणाला, "अहो, जरा आटपा की, आम्हाला कामावर जायचंय."

"जायचं असेल तर जा, नाहीतर थांबा!" मी त्याला म्हटलं. खिडकीची फळी खाली ओढली, बाजूच्या दाराने बाहेर आले आणि तिला धरून बाकावर बसवलं. ओळीतली माणसं कुजबुजत होती. तेवीस वर्षांत कामाच्या वेळी मी त्या बाजूला कधी बसले नव्हते.

"सांग," मी म्हटलं.

ती सांगायला लागली.